समुद्राचा नकाशा काढताना मच्छिमारांना विचारतं कोण? शेटलँडच्या बेटांनी शोधलेलं उत्तर

2023 ची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये एक गाणं अचानक गाजायला लागलं. स्किपिनिश नावाच्या बँडचं गाणं आणि आवाज होता व्हॅटर्से या चिमुकल्या बेटावरच्या एका मच्छिमाराचा. गाण्याचं नाव 'द क्लिअरन्सेस अगेन'.

क्लिअरन्सेस हा शब्द तिथल्या माणसाच्या काळजाला भिडतो. 18 व्या आणि 19 व्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना घराबाहेर काढलं होतं. गावंच्या गावं ओस पडली. कित्येक कुटुंबं जहाजात बसून कायमची कॅनडाला गेली.

आता पुन्हा तेच होणार, असं बेटांवरचे मच्छिमार म्हणत होते. यावेळी जमिनीवरून नाही, तर समुद्रावरून.

कारण काय होतं?

स्कॉटलंड सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये एक प्रस्ताव लोकांपुढे ठेवला होता. देशाच्या किमान 10 टक्के समुद्राला 2026 पर्यंत 'अतिसंरक्षित सागरी क्षेत्र' करायचं. तिथं मासेमारी बंद आणि मत्स्यशेतीही बंद. हेतू चांगला होता, समुद्रातलं जीवन सावरायला वाव द्यायचा. पण हे 10 टक्के नेमके कुठले, ते प्रस्तावात नव्हतंच. आधी नियम ठरणार होते, जागा नंतर.

म्हणजे आपण पिढ्यानपिढ्या जिथं सापळे टाकतो ती जागा राहणार की जाणार, हे कुणालाच कळत नव्हतं. 4,000 हून जास्त लोकांनी आणि संस्थांनी आपलं म्हणणं सरकारला कळवलं. त्यात विरोधाचाच सूर मोठा होता. फर्गस युइंग या सत्ताधारी पक्षाच्याच आमदारानं तो कागद भर सभागृहात फाडला. शेवटी जून 2023 मध्ये सरकारनं प्रस्ताव मागे घेतला.

इथं अनेकांनी सोपा निष्कर्ष काढला. मच्छिमारांना निसर्गाचं काही पडलेलं नाही, त्यांना फक्त मासे हवेत.

पण त्याच स्कॉटलंडमध्ये या निष्कर्षाला छेद देणाऱ्या दोन गोष्टी आधीच घडून गेल्या होत्या.

ज्यांनी स्वतःहून समुद्र राखायला मागितला

पहिली गोष्ट आरन बेटाची. 1995 मध्ये तिथल्या रहिवाशांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. समोरच्या लॅमलॅश खाडीचा एक तुकडा मासेमारीसाठी पूर्ण बंद करा, अशी त्यांचीच मागणी होती. त्यासाठी ते 13 वर्षं भांडले. 2008 मध्ये ती मागणी मान्य झाली.

दुसरी गोष्ट फेअर आयलची. हे बेट शेटलँड आणि ऑर्कनी या द्वीपसमूहांच्या मधोमध आहे आणि वस्ती आहे जेमतेम 50 माणसांची. आजूबाजूचे समुद्रपक्षी कमी होत चाललेले पाहून इथल्या लोकांनी कितीतरी वर्षं सरकारच्या मागे लागून 2016 मध्ये आपल्या भोवतीचा समुद्र खास संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर करून घेतला.

म्हणजे दोन बेटांनी समुद्र राखण्यासाठी सरकारशी वाद घातला आणि 2023 मध्ये बेटांनीच समुद्र राखण्याची योजना हाणून पाडली. फरक कशात होता? आरन आणि फेअर आयलमध्ये जागा कुठली, नियम काय आणि का, हे ठरवताना तिथली माणसं पहिल्या दिवसापासून होती. 2023 मध्ये त्यांना विचारलं गेलं तेव्हा 10 टक्क्यांचा आकडा आणि 2026 ची मुदत आधीच ठरलेली होती.

समुद्राच्या नियोजनात मच्छिमारांना प्रतिनिधित्व हवं, असं म्हणतात तेव्हा मुद्दा हा असतो. तो समजून घ्यायचा तर शेटलँडला जावं लागतं.

पण समुद्राचं नियोजन म्हणजे काय?

शहराचा विकास आराखडा असतो तसाच समुद्राचाही असतो. कुठं बंदर, कुठं जहाजांची वाट, कुठं पवनचक्क्या, कुठं माशांचे पिंजरे, कुठं वीज आणि इंटरनेटच्या केबल, कुठं कशालाच हात लावायचा नाही, हे सगळं नकाशावर मांडायचं.

अडचण एवढीच की समुद्रात कुंपण नसतं. घराचं छप्पर दिसतं, शेताचा बांध दिसतो. मच्छिमाराचं 'शेत' मात्र वरून नुसतं पाणी दिसतं. एडिनबरोच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला तिथली मोकळी निळी जागा प्रकल्पासाठी सोयीची वाटते. तिथल्या माणसाला माहीत असतं की खालच्या खडकाळ तळाशी शेवंडी राहतात आणि शेजारच्या वाळूत स्कॅलप हा महागडा शिंपला मिळतो.

शेटलँडसाठी तर हा जगण्याचाच प्रश्न आहे. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीपासून सुमारे 170 किलोमीटर उत्तरेला 100 हून अधिक बेटं आहेत. त्यातल्या 16 बेटांवर मिळून साधारण 23,000 लोक राहतात. अ‍ॅबरडीनहून लर्विकला जाणारी बोट रात्रभर चालते. पण मासळीच्या बाबतीत हे लर्विक ब्रिटनच्या सर्वात मोठ्या बंदरांमध्ये मोडतं. शिवाय खोल आत शिरलेल्या खाड्यांमध्ये सामन माशाचे पिंजरे आहेत आणि दोरांवर वाढवलेले शिनाणे आहेत. स्कॉटलंडमध्ये शेतीतून निघणाऱ्या शिनाण्यांपैकी बहुतेक माल एकट्या शेटलँडचा असतो.

समुद्रातली एक रेघ इकडची तिकडे झाली, तर इथं आख्ख्या गावाचं गणित बदलतं.

हुंड्यात गहाण पडलेली बेटं

आता मूळ प्रश्न. शेटलँडच्या समुद्राचा तळ कुणाच्या मालकीचा?

त्यासाठी 1469 मध्ये जावं लागेल. तेव्हा ही बेटं नॉर्वेची होती आणि नॉर्वे डेन्मार्कच्या राजाकडे होता. राजा पहिला क्रिस्टियान यानं आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाला दिली. पण हुंड्याची रक्कम काही जमेना. मग आधी ऑर्कनी आणि पुढच्या वर्षी शेटलँड गहाण ठेवलं. ते आजतागायत सुटलेलं नाही.

हा इतिहास पुढे कोर्टात गाजला. ब्रिटनमध्ये समुद्राचा तळ राजसत्तेच्या मालकीचा मानला जातो. तिथं माशांचे पिंजरे नांगरायचे तर भाडं भरावं लागतं. 1980 च्या दशकात शेटलँडमध्ये सामनची शेती वाढली, तशी भाड्याची मागणीही आली. तेव्हा तिथल्या सामन शेतकऱ्यांच्या संघटनेनं मुद्दा मांडला की आमच्याकडे जुना नॉर्स कायदा चालत आला आहे आणि त्यानुसार इथला तळ राजाचा नाहीच.

1990 मध्ये कोर्टानं हा दावा फेटाळला. तळ राजसत्तेचाच ठरला.

म्हणजे मालकीचा रस्ता बंद झाला. समुद्र आमचा आहे असं म्हणून चालणार नव्हतं. राहिला दुसरा रस्ता, तिथं काय करायचं हे ठरवण्यात वाटा मिळवायचा.

तेल आलं आणि शेटलँडनं संधी साधली

या दुसऱ्या रस्त्याची सुरुवात आधीच झालेली होती. 1970 च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडलं. मोठ्या कंपन्या शेटलँडच्या दारात उभ्या राहिल्या. कोण कुठं टर्मिनल बांधणार, कुठून पाइपलाइन नेणार, याची चढाओढ लागली.

छोट्याशा स्थानिक परिषदेनं तेव्हा थेट ब्रिटिश संसद गाठली आणि 1974 मध्ये खास आपल्यासाठी कायदा मंजूर करून घेतला. त्यातून किनाऱ्याजवळच्या समुद्रात कुठलंही बांधकाम करायचं तर परिषदेचा परवाना लागेल, अशी व्यवस्था झाली. तेलासाठी केलेली ही तरतूद पुढे मत्स्यशेतीलाही लागू पडली. उरलेल्या स्कॉटलंडमध्ये 2007 पर्यंत पिंजऱ्यांच्या जागा प्रामुख्यानं राजसत्तेची मालमत्ता सांभाळणारी संस्था ठरवत होती. शेटलँडमध्ये मात्र निवडून आलेल्या परिषदेच्या हातात त्याचा परवाना होता.

एखाद्या प्रकल्पावरून भांडण झालं, तर जाब विचारायला माणूस गावातच सापडायचा.

जी बोट दिसत नाही, ती नकाशावर येत नाही

2006 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये समुद्राच्या नियोजनाचे चार प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यातला एक शेटलँडचा. काम आलं स्कॅलोवे गावातल्या मत्स्यविद्यालयाकडे.

आणि तिथं पहिलीच मोठी अडचण समोर आली. मोठ्या मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र असतं. त्या कुठं फिरतात, याची नोंद सरकारकडे आपोआप जाते. हा नियम आधी 15 मीटरच्या वरच्या बोटींना होता, नंतर 12 मीटरच्या वरच्या बोटींना लागू झाला. पण शेटलँडच्या किनाऱ्याजवळ खेकडे, शेवंडी आणि स्कॅलप पकडणाऱ्या बोटी याहून लहान. सरकारी नकाशात त्यांचा मागमूस नाही.

तुम्ही रोज एका जागी सापळे टाकता, पण नकाशा म्हणतो की तिथं कुणीच मासेमारी करत नाही. उद्या त्या जागी प्रकल्प आला, तर तुमचा विरोध हवेतला ठरतो.

यावर विद्यालयानं साधा उपाय केला. मच्छिमारांनाच विचारलं. किनाऱ्याजवळ काम करणाऱ्यांसमोर समुद्राचे नकाशे ठेवले आणि सांगितलं, तुम्ही कुठं जाता, कशासाठी जाता, ते यावर दाखवा.

ऐकायला सोपं वाटतं, पण मच्छिमार आपली जागा सहजासहजी सांगत नाही. तीच त्याची पुंजी असते. शेजाऱ्याला कळली तर उद्या त्याचे सापळे तिथं दिसतील. शिवाय आज दाखवलेली जागा उद्या बंदीसाठी तर वापरणार नाहीत ना, ही भीती असतेच. हे काम जमतं ते ओळखीमुळे आणि विश्वासामुळे. विचारणारा माणूस बेटावरचाच असेल आणि एकेकाची जागा उघड न करता सगळ्यांची माहिती एकत्र मांडणार असेल, तरच लोक बोलतात.

त्यातून तयार झालेल्या नकाशांचा उपयोग दोन्ही बाजूंनी झाला. एकीकडे लहान बोटींची मासेमारी कागदावर आली. दुसरीकडे तळाशी असलेल्या नाजूक जागाही कळल्या. मेर्ल म्हणजे चुनखडीसारखं कडक शेवाळ, त्याचे थर कुठं आहेत आणि मोठ्या शिंपल्यांच्या वसाहती कुठं आहेत, हे समोर आलं.

शेटलँडमध्ये किनाऱ्याजवळच्या कवचधारी माशांच्या मासेमारीचे परवाने देणारी स्थानिक संस्थाही आहे. ती साधारण 2000 पासून काम करते आणि मच्छिमार स्वतः त्यात आहेत. या संस्थेनं त्या नाजूक जागा स्कॅलपच्या लोखंडी जाळ्यांसाठी स्वतःहून बंद केल्या. 2012 मध्ये तिथल्या स्कॅलप मासेमारीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं.

जागा इथंही बंदच झाल्या, पण कुणी विरोधात गाणं काढलं नाही.

खुर्ची मिळाली, पण कुठली?

2010 मध्ये स्कॉटलंडनं सागरी कायदा केला. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच्या समुद्राचे पुढे 11 विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाचा आराखडा स्थानिक भागीदारीनं करावा, अशी कल्पना होती. आराखडा करण्याआधी लोकांना कसं आणि कधी सहभागी करून घेणार, हेही लेखी जाहीर करावं लागतं.

2016 मध्ये हा अधिकार मिळालेला पहिला विभाग शेटलँडच होता. परिषद आणि मत्स्यविद्यालय यांची भागीदारी झाली. त्यांच्या जोडीला सल्लागार गट आला. मच्छिमारांची संघटना, शिनाणे आणि सामनवाले, बंदर, निसर्गसंस्था, गावांच्या समित्या असे सगळे एका टेबलाभोवती बसले.

पण इथं एक बारकावा आहे. सल्लागार गट सल्ला देतो. आराखडा लिहिते ती भागीदारी. आणि तो मंजूर करतात स्कॉटलंडचे मंत्री. त्यामुळे मच्छिमाराचं म्हणणं ऐकलं जाईल याची खात्री आहे, मानलं जाईल याची नाही.

दुसरी अडचण वेळेची. दोन माणसांच्या बोटीवरचा एक जण बैठकीला गेला की त्या दिवसाची मासेमारी बुडाली. हवा चांगली असेल तर तो दिवस कुणाला परवडत नाही. बड्या कंपनीचा प्रतिनिधी मात्र पगारी असतो, बैठकीला बसणं हेच त्याचं काम. म्हणून संघटना लागते, जी रोज कागद वाचेल आणि सगळ्यांच्या वतीनं बोलेल.

मच्छिमार आणि मत्स्यशेतकरी, एकच बाजू?

बाहेरून बघणाऱ्याला दोघे समुद्रावर जगणारे, म्हणून एकाच बाजूचे वाटतात. प्रत्यक्षात तसं नाही.

सामनच्या पिंजऱ्याला शांत, आडोशाची खाडी लागते. खेकड्यांच्या सापळ्यांनाही हिवाळ्यात तीच खाडी लागते. वर पिंजरे थोड्याच जागेत दिसतात, पण त्यांचे नांगर आणि साखळ्या पाण्याखाली दूरवर पसरलेल्या असतात. तेवढा तळ मासेमारीसाठी गेल्यात जमा. शिनाणेवाल्याला स्वच्छ पाणी हवं असतं, कारण शिनाणे पाणी गाळूनच वाढतात. म्हणजे तिघांचं हित तीन तऱ्हेचं.

त्यात मत्स्यशेतकरी म्हणजे कोण, हेही बदलत गेलं. 1980 च्या दशकात शेटलँडमध्ये कितीतरी छोट्या स्थानिक सामनशेती होत्या. पुढे त्या एकामागून एक विकल्या गेल्या. 2021 मध्ये ग्रीग सीफूड या नॉर्वेच्या कंपनीनं आपला शेटलँडमधला व्यवसाय स्कॉटिश सी फार्म्सला विकला आणि या कंपनीची मालकीही नॉर्वेच्याच दोन उद्योगांकडे आहे. आज तिथलं सामन मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे.

मग टेबलावर सामन उद्योगाचा माणूस बसतो, तो बेटाचा प्रतिनिधी की कंपनीचा? त्या कंपनीत काम करणारी शेकडो माणसं शेटलँडचीच आहेत, त्यांची घरं त्यावर चालतात, हेही खरं. पण नफ्याचे निर्णय दुसऱ्या देशात होतात, हेही तितकंच खरं. त्यामुळे एका खुर्चीवर 'मत्स्यव्यवसाय' अशी पाटी लावून भागत नाही. लहान बोटी, मोठ्या बोटी, शिनाणेवाले आणि सामन कंपन्या यांचं म्हणणं वेगवेगळं ऐकावं लागतं.

12 मैलांच्या पलीकडे

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र भूगोलाची आहे. शेटलँडचा आराखडा 12 सागरी मैलांवर संपतो. मासे तिथं थांबत नाहीत आणि मोठ्या बोटीही थांबत नाहीत.

ऑगस्ट 2022 मध्ये शेटलँडच्या पूर्वेला खोल समुद्रात तीन तरंगत्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी जागा देण्यात आल्या. एकूण क्षमता 2.8 गिगावॅट. हवामान बदल रोखायचा तर स्वच्छ वीज हवीच. पण तरंगत्या पवनचक्क्या तळाला साखळ्यांनी बांधलेल्या असतात आणि त्या साखळ्यांमधून ट्रॉलरची जाळी ओढता येत नाही. या जागा ठरल्या राष्ट्रीय पातळीवर. बेटांच्या आराखड्याला तिथं अधिकार नाही. तिथं मच्छिमारांच्या हाती उरतं ते हरकती नोंदवणं.

2018 मध्ये स्कॉटलंडनं बेटांसाठी खास कायदाही केला. एखाद्या धोरणाचा बेटांवर इतरांपेक्षा वेगळा परिणाम होणार असेल, तर तो आधी तपासून पाहणं त्यानुसार बंधनकारक आहे. तरीही 2023 चा वाद व्हायचा तो झालाच. कारण जागाच ठरलेल्या नसतील, तर कुठल्या बेटावर किती परिणाम होईल, हे तपासणार कसं?

मग या सगळ्यातून कळतं काय?

शेटलँडमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. मच्छिमार आणि सामनवाले आजही जागेवरून भांडतात. पण ती भांडणं लर्विकमध्ये होतात, समोरासमोर होतात आणि दोघांच्या समोर एकच नकाशा असतो. तो नकाशा काढताना दोघांनाही विचारलेलं असतं.

बैठकीला बोलावणं, अर्ज मागवणं, हरकती नोंदवणं, हे सगळं लागतंच. पण ते शेवटचे टप्पे आहेत. त्याच्या आधी आपण नकाशावर असावं लागतं आणि प्रश्न ठरवला जात असताना खोलीत असावं लागतं. व्हॅटर्सेच्या मच्छिमाराला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

म्हणून त्याला गाणं म्हणावं लागलं.